रविवारी धडधडलेलं यंत्र

रोझवीटा क्रिंग्स बाईंनी आयुष्यात भल्याभल्यांना पाणी पाजलं होतं. टेलिफोनही पोस्टखात्याकडेच होते त्या काळी त्या तिथं शिकाऊ म्हणून लागल्या, तेव्हा केबलच्या कामाला बाई कशाला म्हणून नाकं मुरडणारे साहेब पुढे त्यांच्याच हाताखाली निवृत्त झाले. देशाचे दोन तुकडे करणारी भिंत पडल्यावर त्या पूर्वेकडच्या भागात गेल्या आणि जिथं लोक एका फोनसाठी वर्षानुवर्षं ताटकळले होते, तिथं गावामागून गाव जोडत सुटल्या. आता बॉनमधल्या एका बड्या टेलिफोन कंपनीच्या त्या प्रमुख होत्या. आणि अशा बाईला तिचं स्वतःचं गाव उभं करत नव्हतं!

गाव म्हणजे आयफेलच्या डोंगरातलं क्रेखेनबाख. कंपनीचा नियम सरळ होता. शंभरातल्या चाळीस घरांनी करारावर सही केली, तरच रस्ता खणून वेगवान इंटरनेटची तार घालायची. तिच्याही वर असलेल्या संचालक मंडळाचे अध्यक्ष आख्टरबेर्ग यांना खेड्यांची ही योजनाच नको होती. भर बैठकीत ते गोड हसून म्हणाले होते, "क्रिंग्स बाई, निदान तुमचं गाव तरी हो म्हणतंय का, ते आधी बघू. मंगळवारपर्यंत नाही म्हणालं, तर बाकीच्या खेड्यांचं नावसुद्धा काढायचं नाही." रोझवीटानं तिथल्या तिथं होकार दिला होता. तीस वर्षं जपलेली योजना तिनं एका गावाच्या होकारावर पणाला लावली.

आणि मग तिनंच घोळ घातला. सह्या होतीलच असं धरून, एक दिवसही वाया घालवू नका, असा तिनं ठेकेदाराला हुकूम सोडला. त्यानं तो शब्दशः पाळला आणि रविवारी सकाळी, ऐन प्रार्थनेच्या वेळी, चर्चसमोर खणायचं यंत्र सुरू केलं. या मुलखात माणूस रविवारी भिंतीत खिळा ठोकत नाही, गवत कापत नाही. शेजाऱ्याची बायको पळवली तर गाव एखाद वेळी विसरेल, पण हे नाही. सह्या विशीवर येऊन अडकल्या त्या अडकल्याच.

त्याच रविवारी संध्याकाळी तिनं गावातल्या आईला फोन लावला. जुन्या तारेत नेहमीची खरखर होती.

"आई, तू तरी सही केलीस ना?"

"नाही."

"आई!"

"मी तुझी आई आहे, गिऱ्हाईक नाही. आत बाप्तिस्मा चाललाय आणि बाहेर तुझं यंत्र धडधडतंय. पाद्रीबाबांना दोनदा आमेन म्हणावं लागलं. सगळ्या बाया माझ्याकडे वळून बघत होत्या. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला."

मंगळवारी रोझवीटा स्वतःच गाडी घेऊन निघाली. गावात जत्रेचा शेवटचा दिवस होता. त्या दिवशी झाखेउस नावाच्या पेंढ्याच्या बाहुल्यावर खटला भरायचा, जत्रेतली सगळी पापं त्याच्या माथी मारायची आणि त्याला जाळून मोकळं व्हायचं, अशी तिथली रीत. यंदा झाखेउसच्या अंगात तिच्या कंपनीचं जाकीट होतं आणि गळ्यात खेळण्यातलं खणायचं यंत्र.

न्यायाधीश होता हेरिबर्ट नेटेसहाइम, गावच्या अग्निशमन दलाचा प्रमुख आणि तिचा वर्गमित्र. न्यायाधीशाचा झगा म्हणून खिडकीचा काळा पडदा अंगावर घेऊन तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभा होता.

"माझ्या तळघरातली बियर कोणी संपवली?"

"यानंच!" गाव ओरडलं.

"रविवारी यंत्र कोणी लावलं?"

"यानंच! जाळा मेल्याला!"

रोझवीटा नुसती गप्प उभी राहिली असती तरी भागलं असतं. झाखेउस जळाला असता आणि कोणी तिला एका शब्दानं विचारलं नसतं. पण सहीही कोणी केली नसती, आणि आईनं तर नाहीच. ती ट्रॉलीवर चढली.

"त्यानं नाही, मी."

जत्रेचे बँडवालेही वाजवायचे थांबले.

"हुकूम माझा होता. ठेकेदाराला बोल लावू नका. रविवार नावाचा वार असतो, हेच मी विसरले. माझं चुकलं."

हेरिबर्टनं पडदा सावरला. "अगं रोझी, तो पेंढ्याचा आहे, त्याला चालतं! तू मध्ये कडमडलीस तर मला खरी शिक्षा द्यावी लागेल."

"दे की! शाळेत तर चुगल्या करून मिळवून द्यायचास."

गाव खो-खो हसलं. हेरिबर्टला जुने दिवस आठवले. एके काळी गावात एकच फोन होता, खानावळीत. तो वाजला की छोटी रोझी ज्याचा असेल त्याच्या दारी ओरडत पळायची.

"शिक्षा!" तो गरजला. "घरोघरी पळायचं, तेव्हासारखंच ओरडत. आणि पळतेच आहेस तर तुझे ते करारही घेऊन जा. हात रिकामे कशाला?"

अग्निशमन दलाचे ढगळ गमबूट घालून एवढ्या मोठ्या कंपनीची प्रमुख गावातून धावत सुटली. मागे बँड, पुढे भुंकणारी कुत्री.

"फोन आलाय! फोन आलाय!"

"कोणाचा गं?" खाटकाच्या बायकोनं खिडकीतून जुन्याच सुरात विचारलं.

"तुमचाच!"

लोक तिच्या पाठीवर कागद ठेवून सह्या करू लागले. चर्चपाशी पोचेपर्यंत चाळीसचा आकडा मागे पडला होता. हेरिबर्टनं तो ट्रॉलीवरून ओरडून सांगितला तेव्हा टोप्या हवेत उडाल्या. आता आख्टरबेर्ग साहेबांना ती तोंड भरून गोड हसून दाखवणार होती! थांबली असती तरी चाललं असतं, पण एक दार राहिलं होतं.

आई उंबऱ्यात उभी होती. आतून आलुबुखारच्या केकचा वास येत होता.

"फोन आलाय," रोझवीटा म्हणाली. आवाज पार बसला होता.

"कोणाचा?"

"तुझ्या मुलीचा."

आईनं तिच्या चिखलानं भरलेल्या बुटांकडे पाहिलं. मग एप्रनच्या खिशातून घडी घातलेला करार काढून तिच्या हातात ठेवला. खाली सही होती.

"ही कधी केलीस?"

"काल. सोमवारी."

"मग पाठवली का नाहीस? माझा जीव टांगणीला लागला होता!"

"तू स्वतः न्यायला येतेस का, ते बघत होते," आई म्हणाली. "बूट बाहेर काढ आणि आत ये."