सात आऱ्यांचं चाक

आमच्या दादाच्या शेडमध्ये चोरी झाली, तेव्हा पोलिसानं पहिला प्रश्न विचारला तो गाडीचा नंबर काय. दादा म्हणाला, गाडी नाही, इंजिन गेलंय, वाफेचं. मग इंजिन नंबर सांगा, पोलीस म्हणाला. दादानं दोन्ही हात पसरून इंजिन केवढं होतं ते दाखवलं. हात थरथरत होते, त्यामुळे इंजिन कधी हातभर दिसे तर कधी वीतभर. शेवटी पोलिसानं वैतागून लिहिलं, ‘खेळणे, एक नग’. अकरा वर्षं खपून केलेल्या वस्तूची ही नोंद.

मी त्याची धाकटी बहीण. घरात आम्ही दोघंच. पुढच्या खोलीत माझं शिवणकाम चालतं आणि मागच्या अंगणात दादाची शेड आहे. दादा कारखान्यात बॉयलर फिटर होता. निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात, देशाटन करतात. यानं जुन्या इंजिनांच्या शिट्ट्या, दाबाचे काटे, झडपा गोळा केल्या. जत्रांमधले गोल फिरणारे घोडे मोडीत निघाले तर त्यातला एक घोडा आणला, तिकिटांचा पत्र्याचा डबा आणला. मी या सगळ्याला तोंडावर भंगार म्हणायची. इंजिनाला मात्र कधी म्हटलं नाही, कारण ते त्यानं स्वतः केलं होतं, स्क्रूसुद्धा लेथवर कातून.

त्यातला शेवटचा भाग करायची वेळ आली आणि याचे हात थरथरायला लागले. चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या टोकाला पितळेची एक छोटी कडी असते, तिला बुश म्हणतात. ती दादानं कशीबशी केली, पण केसभर ढिली झाली. त्यामुळे इंजिन पळायचं झकास, पण प्रत्येक फेऱ्याला एक ‘टक्’ आवाज यायचा. त्या दिवसानंतर दादानं लेथ सुरू केलं नाही. डॉक्टरांनीही स्पष्ट सांगितलं की बारीक काम आता विसरा. म्हणजे दुसरं इंजिन होणार नव्हतं. होतं ते एवढंच, आणि तेच गेलं. मला तर दोन दिवस अन्न गोड लागलं नाही.

आता मंडळाबद्दल सांगायला हवं. या गावात वाफेची इंजिनं जपणाऱ्या एकवीस शहाण्यांचं एक मंडळ आहे. मोठ्या कंपनीतून साहेब म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ त्याचे अध्यक्ष. माणूस असा टापटिपीचा की चहाच्या कपाचा कानसुद्धा उजवीकडेच हवा. मंडळाचा नियमही त्यांनीच केलेला: कुठल्याही सभासदानं दुसऱ्याच्या शेडमधून लागेल ते हत्यार न्यावं, पण दाराशी टांगलेल्या पाटीवर लिहावं. काय नेलं, कधी नेलं, कधी परत केलं आणि कोणत्या अवस्थेत. पाटी पुसायचा हक्क फक्त शेडच्या मालकाचा. या नियमापायी आमच्या शेडची किल्ली तेलाच्या डब्याखाली असते हे एकवीसच्या एकवीस जणांना पाठ होतं. दादाला दर गुरुवारी सकाळी डॉक्टरांकडे नेते हेही पाठ होतं. चोरी गुरुवारी सकाळी झाली, आणि कुलूप शाबूत होतं.

तरी दादाचा कुणावर संशय जाईना. भंगारवाले असतील म्हणाला, कारण घोडा आणि तिकिटांचा डबाही गेला होता. अध्यक्षांनी लगेच सभा बोलावली. इंजिनासाठी सगळ्यांना दोन मिनिटं उभं केलं. मग संग्रहाच्या सुरक्षेवर पाऊण तास भाषण दिलं, त्यात आमच्या कुलपाचा तीनदा उद्धार केला, आणि शेवटी दादाला एक नवंकोरं कुलूप भेट दिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दादा ते कुलूप मांडीवर घेऊन बसून राहिला. माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं.

चोरांच्या हाती एक वस्तू मात्र लागली नव्हती. इंजिनाचं मोठं चाक दादानं रंगवायला काढलं होतं, आणि रंग वाळल्यावर ते मी माझ्या टेबलावर आणलं होतं. कापड बेतताना कागदाचे नमुने हलू नयेत म्हणून वजन लागतं. त्या चाकासारखं वजन दुसरं मिळालं नसतं. त्याला सात आरे. सगळ्या जगात सहा करतात नाहीतर आठ, पण दादानं हट्टानं सात केले, आणि ओतशाळेतला ओतारी तेव्हा त्याच्या नावानं महिनाभर बोटं मोडत होता.

तोच ओतारी चोरीनंतर पंधरा दिवसांनी माझ्याकडे आला. ठिणग्यांनी चाळण झालेल्या दोन विजारींना ठिगळं लावून हवी होती. जाता जाता म्हणाला, “दादाला सांगा, चाक ओतून तयार आहे. सात आऱ्यांनी याही वेळी रडवलं मला.”

कुठलं चाक, मी विचारलं. तर अध्यक्षांनी आकृती आणून दिली होती. मूळ चाकाबरहुकूम हवं, एक आरा कमी चालणार नाही, असं बजावलं होतं. ओताऱ्याला वाटलं, दादाचे हात चालत नाहीत म्हणून अध्यक्ष बिचारे हेलपाटे घालताहेत. मी त्याचा गैरसमज तसाच राहू दिला. ठिगळाचे पैसेही घेतले नाहीत.

बघा हं, खरा चोर असता तर त्यानं इंजिन वजनावर विकलं असतं. कुणी हौशी असता तर मिळेल ते चाक लावून मोकळा झाला असता. पण सहा आऱ्यांचं चाक लावलेलं ते इंजिन अध्यक्षांना बघवलं नसतं. चोरलेली वस्तू चालते, अपुरी चालत नाही. असली अक्कल फक्त या एकवीस जणांकडेच आहे.

मी दादाला सांगितलं आणि पोलिसांकडे निघाले. दादानं मला थांबवलं. अर्ध्या कापलेल्या कोटावरचं चाक उचललं, पिशवीत घातलं आणि म्हणाला, आधी अध्यक्षांकडे जाऊ.

रविवार सकाळ होती. अध्यक्षीणबाईंनी दार उघडलं. त्या बिचाऱ्या भोळ्या, आम्हाला बघून खूश झाल्या. म्हणाल्या, बरं झालं आलात, यांनी नवीन इंजिन आणलंय, पंधरा दिवस खोलीबाहेर पडत नाहीत, जेवायलासुद्धा हाका माराव्या लागतात. आणि आम्हाला थेट त्या खोलीत घेऊन गेल्या.

भिंतीभर काचेची कपाटं. प्रत्येक वस्तूपुढे सुवाच्य अक्षरातली चिठ्ठी. कोपऱ्यात चादरीखालून लाकडी घोड्याचा खूर दिसत होता. मधल्या टेबलावर आमचं इंजिन होतं, आणि त्यापुढे चिठ्ठी: ‘वाफेचे इंजिन, प्रतिकृती. निर्माता अज्ञात.’

निर्माता अज्ञात! त्या निर्मात्याच्या घरी येऊन या माणसानं शंभरदा चहा ढोसला होता. इंजिन विकता का म्हणून चार वेळा विचारलं होतं, आणि दादानं नाही म्हटल्यावर, लंगडतंय तुमचं इंजिन, असं भर सभेत हिणवलं होतं.

अध्यक्षांच्या तोंडचं पाणी पळालं. पण साहेब ते साहेबच, लगेच सावरून बोलायला लागले. शेडमध्ये ओल आहे, कुलूप तकलादू आहे, वस्तू धोक्यात होती, आपण ती फक्त सुरक्षित ठेवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “दादा, तुमच्यानंतर हे सगळं भंगारातच गेलं असतं.”

ते मात्र मला झोंबलं. कारण भंगार हा शब्द त्यांनी माझ्याच तोंडून ऐकला होता.

दादा सरळ टेबलाशी गेला. पिशवीतून चाक काढलं आणि बसवायला लागला. हात थरथरत होते, चाक काही आसावर जाईना. अध्यक्षांचा हात आपोआप पुढे आला. हात लावाल तर याद राखा, मी म्हटलं. लावू दे त्यांना, दादा म्हणाला. अध्यक्षांनी चाक बसवलं, पाणी भरलं, बर्नर पेटवला. जरा वेळानं वाफ धरली, आणि सात आऱ्यांचं चाक फिरायला लागलं.

टक् आवाज आला नाही. इंजिन लोण्यासारखं चालत होतं.

अध्यक्ष आपण चोर आहोत हे साफ विसरले. चेहरा असा उजळला जणू वर्गात पहिला नंबर आलाय. “ऐका, दादा. आवाजच नाही. नवा बुश केला मी, आठ दिवस लागले.”

दादानं कान इंजिनाजवळ नेला. म्हणाला, काम चांगलं झालंय. मला त्या दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीशी वाटली.

मग दादानं विचारलं, “माझा बुश कुठं आहे?”

बुश जपून ठेवला होता. या घरात काही टाकत नाहीत. खणातून एक पाकीट निघालं, त्यावर लिहिलं होतं, ‘बुश, जुना, सदोष’.

“बसवा परत,” दादा म्हणाला.

अध्यक्ष चक्क विनवायला लागले. तो ढिला आहे, ठोका येईल, चांगलं चालणारं इंजिन हातानं बिघडवायचं म्हणजे पाप आहे, हवं तर पोलिसांत द्या पण हे करायला लावू नका. चोरी करताना न आलेलं पाणी आता त्यांच्या डोळ्यांत आलं.

“बाकी सगळं इंजिन मी चांगल्या हातांनी केलं,” दादा म्हणाला. “हे एवढंच या हातांनी केलंय. ते काढून टाकायचं नाही.”

एवढं बोलून तो खुर्चीवर बसला. मी तोंड फिरवून त्या घोड्याच्या खुराकडे बघत राहिले. मला रडू फुटलं होतं, आणि ते अध्यक्षांना दिसायला नको होतं.

आग विझवून, इंजिन निवू देऊन, बुश बदलायला दीड तास लागला. तोवर अध्यक्षीणबाई काय समजायचं ते समजल्या होत्या. मधेच दोनदा दाराशी येऊन नवऱ्याकडे नुसतं बघून गेल्या. इंजिन पुन्हा सुरू झालं. टक्. टक्. प्रत्येक ठोक्याला अध्यक्ष सुई टोचल्यासारखे दचकत होते. दादा हसत होता. चोरीनंतर पहिल्यांदा हसला.

पोलिसांत जायचं नाही, दादा निघताना म्हणाला. फक्त मंडळाचा नियम आहे तो पाळा.

अध्यक्ष त्याच दुपारी आले. मीच त्यांच्या हातात खडू दिला. दाराशी उभं राहून त्यांनी पाटीवर लिहिलं, खाली सही केली: वाफेचे इंजिन एक, लाकडी घोडा एक, तिकिटांचा डबा एक. नेले गुरुवारी. परत केले रविवारी. अवस्था, जशी होती तशी. इतकं देखणं अक्षर त्यांचं, पण शेवटची ओळ पार वाकडी गेली होती.

त्या आठवड्यात मंडळातला एकूण एक सभासद काहीतरी हत्यार न्यायच्या निमित्तानं आमच्याकडे येऊन गेला. एकाला तर पाना हवा की पक्कड हेही सांगता येईना. पाटी वाचून सगळे गुपचूप निघून गेले. दादा रोज म्हणतो, जाऊ दे, पुसून टाकू आता. पुसायचा हक्क त्याचाच आहे, मी कुठं नाही म्हणते. पण फडकं मी लपवून ठेवलंय.