स्पीकरकडे पाठ

रविवारी सकाळी माझा डावा स्पीकर मुका झाला. तबला नेहमी डाव्या कोपऱ्यातून यायचा, तो आलाच नाही. सगळं गाणं उजव्या भिंतीला चिकटलेलं. मी चिडले आणि ग्रुपवर लिहिलं.

आमच्या ग्रुपचं नाव 'नादखुळे'. घरी चांगल्या आवाजात गाणं ऐकायचं वेड असलेली, ठाण्यापासून कल्याणपर्यंतची माणसं. त्यातली निम्मी गाणं कमी ऐकतात आणि वायरींवरून जास्त भांडतात. शौनकने लगेच निकाल दिला, "ताई, केबल. मी दिवाळीतच बोललेलो." दुसऱ्याने नवा ॲम्प्लिफायर घ्यायला सांगितला, तिसऱ्याने दोघांची अक्कल काढली. मग माझा स्पीकर राहिला बाजूला आणि त्यांची जुनी उणीदुणी निघाली.

डोंबिवलीच्या सलिलचा मेसेज मात्र मला वेगळा आला. याला मी कधी भेटले नव्हते. कुणीही काहीही ठोकून दिलं तरी हा आपला "असंही असेल, एकदा ऐकून बघू" म्हणायचा. मला तो मिळमिळीतच वाटायचा.

"उत्तराताई, काही विकत घेऊ नका. ॲम्प्लिफायरच्या मागे डावी वायर उजवीकडे आणि उजवी डावीकडे लावून बघा."

लावली. तरी डावी बाजू गप्पच. म्हणजे ॲम्प्लिफायर नाही, स्पीकरच गेला! मी त्याला तसं कळवलं.

"असेल. पण आता स्पीकरकडे पाठ करून बसा," त्याने लिहिलं.

वैताग आला, तरी खुर्ची फिरवली. डावा स्पीकर आता माझ्या उजव्या हाताला होता. तो मुका असता तर उजवी बाजू गप्प व्हायला हवी होती. गप्प होती ती डावीच.

मी उजव्या कानात बोट घातलं. गाणं गेलं. पंखा गेला. स्वयंपाकघरात माझा नवरा मधु भांडी लावत होता, तोही आवाज गेला. उरली ती कुठून तरी लांबून येणारी बारीक शिट्टी. सकाळी उठल्यापासून कानाला दडा बसल्यासारखं वाटत होतं, मी म्हटलं सर्दी असेल.

मधुही तेच म्हणाला. "अगं, दडा बसला असेल. कोमट तेल घालू, उद्या दाखवू." मला त्याच्यावर विश्वास ठेवायचा होता, फार ठेवायचा होता. पण मी सलिलला कळवलं.

"तेल नको. मी डॉक्टर नाही, चुकलो तर हसा मला. पण कान असा अचानक गेला तर थांबू नये म्हणतात. आजच जा. रविवारी कानाचे डॉक्टर कुठे बसतात ते मी विचारून सांगतो."

थोड्या वेळाने त्याने पत्ता पाठवला. रिक्षात मधु माझ्या डावीकडे बसला होता. खोपटच्या एसटी डेपोपाशी मी सहज त्याच्याकडे बघितलं, तर त्याचे ओठ हलत होते. केव्हापासून बोलत होता कोण जाणे. मला रडू फुटलं.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "कानाच्या नसेचा त्रास आहे. लगेच आलात हे बरं केलंत. गोळ्या सुरू करू. कुणाचं पूर्ण परत येतं, कुणाचं थोडं, कुणाचं नाही."

त्या संध्याकाळी सलिलचा फोन आला आणि मग रोज येऊ लागला. थोडं बोलून झालं की तो म्हणायचा, "आता डावीकडे धरा." मी धरायचे, डोळे मिटून घ्यायचे. तो पलीकडे काहीबाही बोलत असणार. आत ती शिट्टी, बाकी शून्य. फोन परत उजवीकडे. "काही नाही." "बरं. उद्या करतो." होईल सगळं छान, असं तो एकदाही म्हणाला नाही, म्हणूनच मला त्याचा आधार वाटायचा.

एकदा मी भडकले. "उद्या उद्या काय लावलंय? गेला असेल कान!"

"असेल," तो म्हणाला. "तरी उद्या करतो."

गोळ्या संपत आल्या तशी मला फोनचीच भीती वाटायला लागली. वाजला तरी लगेच उचलवत नसे. एका संध्याकाळी मी फोन डावीकडे धरला. शिट्टी होतीच. तिच्यामागे काहीतरी खरखरलं. पत्र्याच्या डब्यातून यावा तसा, पण माणसाचा आवाज.

"...आज शेपूची भाजी आहे. आईने केलीय."

"मला शेपू आवडत नाही," मी म्हणाले.

पलीकडे काहीच नाही. कान परत गेला! मी फोन इतका दाबला की कान दुखला. मग ऐकू आलं. सलिल रडत होता, हुंदके दाबत, माझ्या डाव्या कानात.

"घाबरलेलो हो मी, ताई," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून."