फेट्याची डिस्क

माझ्या लग्नात आमच्या दाजींना फेटा बांधला नाही, म्हणून ते गेली सतरा-अठरा वर्षं आमच्या घराचा उंबरा चढलेले नाहीत. दाजी म्हणजे माझ्या नणंदेचे, प्रियदर्शनीवन्संचे यजमान. नाव बाळासो, राहायला कागलला. ऊस चांगला आहे, माणूसही तसा वाईट नाही, पण मानपान म्हटलं की त्यांचा काटा अडकतो. आणि लग्नात पाहुण्यांना फेटे बांधायचं काम मुलीकडच्यांचं. म्हणजे माझ्या आप्पांचं. त्यामुळं राग दाजींचा असला तरी तो सांभाळायचं काम कायम माझ्याकडं आलं.

आप्पांना मी एकदाच विचारलं होतं. "बांधला हुता की. सोड आता," एवढंच बोलले. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. सासरी त्यांना कुणी नावं ठेवत नाही, खोटं कशाला बोलू. फक्त फेट्याचा विषय निघाला की सगळे माझ्याकडं बघतात आणि एकदम समजूतदारपणे गप्प होतात. "मुरगूडकडं तशी पद्धत नसंल," असं आत्ती वर म्हणतात. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई, राजमती. मुरगूड, माझं माहेर, काय विलायतेत आहे का? तिथंही माणसांना डोकी असतात आणि त्यांवर फेटे असतात. पण हे सिद्ध कसं करायचं? मी स्वतः तेव्हा स्टेजवर मान खाली घालून बसले होते, आणि ज्यांनी पाहिलं असेल ते जेवत होते.

यंदा आम्ही नवीन घर बांधलं. वास्तुशांतीला लेक आणि जावई हवेतच, म्हणून आत्ती आणि माझे यजमान अभिनंदन कागलला आमंत्रण घेऊन गेले. दाजींनी चहा पाजला, ऊसदरावर तासभर बोलले आणि निघताना अट घातली.

"तुमच्या लग्नाची डिस्क हाय न्हवं? ती लावा. माझ्या डोक्यावर फेटा दिसला तर मी आलो. न्हाय दिसला तर तुमचं तुम्ही बघा."

आता घरोघरी डीव्हीडी लावायचं यंत्रच उरलेलं नाही, हे दाजींना चांगलं ठाऊक होतं. अट मोठ्या हिशेबानं घातली होती.

ही डिस्क आमच्याकडं कुणीच पुरती पाहिलेली नव्हती. शूटिंगवाल्यानं ती लग्नानंतर वर्षानं दिली, तेव्हा सगळे हौसेनं बसले होते. पहिला अर्धा तास मी आणि अभिनंदन गुलाबाच्या फुलातून बाहेर येत होतो, मग बर्फात उभे होतो, मग विधी सुरू झाले आणि सगळे चहाला उठले. त्यानंतर आत्तींनी ती चांदीच्या भांड्यांच्या कपाटात जपून ठेवली. जपून ठेवली, हेच नडलं. दर दिवाळीला भांडी घासताना त्या तिलाही घासत होत्या. ताटासारखी, गोल गोल, अगदी लख्ख.

"आत्ती, डिस्क मधून काठाकडं सरळ पुसायची असते," मी म्हणाले.

"मला काय ठाऊक? चमकत हुती म्हणून चमकवली."

माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर मीच खाली काढला. अभिनंदन मोबाइलवर उपाय वाचून दाखवत होते. तेवढ्यावर त्यांचा हातभार संपला. कॉम्प्युटर चालू झाला, पण ड्राइव्हचं तोंड उघडेना. पुढच्या बारीक भोकात टाचणी खुपसली तेव्हा कुठं ते बाहेर आलं. डिस्क आत घातली. घुंऽऽ करून फिरली, थांबली, पुन्हा घुंऽऽ, पुन्हा थांबली. आणि पडद्यावर इंग्रजीत सूचना आली, कृपया डिस्क घाला. तोंडात डिस्क धरून हा वर डिस्कच मागत होता! मला एकदम दाजी आठवले.

"दुसरी डिस्क घालून बघा म्हणतायत," अभिनंदननी वाचलं. "ती लागली तर ड्राइव्ह चांगला, दोष डिस्कचा."

आत्तींकडं पूजेच्या स्तोत्रांची एक डिस्क होती, ती घातली. तीही लागेना. म्हणजे दोष ड्राइव्हचाही होता. बॅटरी लावून आत पाहिलं, तर वाचणाऱ्या भिंगावर पिवळी साय आणि कडेला लाल ठिपके.

"आत्ती, ह्यात हळद-कुंकू कुणी घातलं?"

"मी. दसऱ्याला. सगळ्या यंत्रांची पूजा करतोय, त्यालाच तेवढं उपाशी ठेवायचं व्हय? आपणहून तोंड उघडत हुतं."

मी कपाळावर हात मारला नाही, कारण हातात स्पिरिटचा बोळा होता. भिंग हलक्या हातानं पुसलं आणि पूजेची डिस्क खणखणीत लागली. आत्तींनी लगेच हात जोडले. मग लग्नाची घातली. गुलाब आला, बर्फ आला, हळद आली आणि अक्षता पडायच्या आत चित्र जे थिजलं ते थिजलंच. अभिनंदनचा हात हवेत, माझा चेहरा अर्धा चौकोन-चौकोन झालेला.

डीव्हीडी आतून बाहेर वाचली जाते. सुरुवात मध्याजवळ, शेवट काठाकडं. आणि घासायला, धरायला, आपटायला काठच पुढं असतो. दाजी लग्नाला उशिरा आले होते, हे सगळ्यांना आठवत होतं. म्हणजे त्यांचं डोकं कुठं असेल तर नेमकं त्या काठावर. माझ्या बापाची अब्रू बोटभर पट्ट्यात अडकली होती, आणि त्या पट्ट्यावर आत्तींच्या सोळा-सतरा दिवाळ्या उमटल्या होत्या.

अभिनंदननी टूथपेस्ट सुचवली. मी म्हणाले, तुमच्या दातांना लावा. मग सरळ बघायचा नाद सोडून डिस्कची कॉपी करायला लावली. वेग अगदी कमी करून, जिथं वाचता येत नाही तिथं तेवढंच सोडून पुढं जाणारी. सकाळी लावली. दिवसभर ड्राइव्ह कण्हत होता. मी पोळ्या करता करता येऊन बघायची. एक टक्का पुढं, मग तासभर काही नाही. आत्ती म्हणाल्या, "एवढं काय जिवाला लावून घेतलंयस? नवा फेटा बांधू दाजींना, मिटवून टाकू."

"तुमचं मिटंल," मी म्हणाले. "माझ्या आप्पांचं काय?"

मला रडू येत होतं आणि रागही येत होता. दोन्ही मी पोळीवर काढलं.

दिवेलागणीला कॉपी झाली. आम्ही तिघं बसलो. माऊस अभिनंदनच्या हातात.

"पुढं घे," आत्ती म्हणाल्या. "पुढं घे, ह्यात कुठं दाजी हायत?"

असं मी माझं लग्न पहिल्यांदा पुरतं पाहिलं, पळवत. मंगलाष्टकं चिवचिवाटात संपली. सप्तपदी आम्ही घाईची लागल्यासारखी उरकली. आणि घरात कुणाचंही लक्ष माझ्याकडं नव्हतं, सगळे दुसऱ्याच कुणाचं तरी डोकं शोधत होते. लग्नातही थोड्याफार फरकानं असंच झालं होतं म्हणा.

"थांब थांब! हे आले बघ!" आत्ती ओरडल्या.

दाजी मांडवात शिरत होते. बारीक होते तेव्हा, घामाघूम. डोकं उघडं. चित्र फुटलं, चौकोन इकडंतिकडं पळाले, पुन्हा जुळलं. आवाज नव्हता, वर नुसती सनई घातलेली. आप्पा पळत पुढं आले. त्यांच्या डोक्याला गुलाबी फेटा. त्यांनी फेटेवाल्याकडं पाहिलं. त्यानं रिकामं खोकं उलटं करून दाखवलं. दाजींचा चेहरा पडलेला स्पष्ट दिसत होता. आप्पा क्षणभर तसेच उभे राहिले. मग त्यांनी दोन्ही हात वर नेले आणि स्वतःचा फेटा उतरवला.

भर मांडवात, मुलीच्या बापानं. तो सोडला, झटकला, एक टोक शेजारच्याला धरायला दिलं आणि स्वतःच्या हातांनी दाजींच्या डोक्यावर बांधला. तुरा नीट केला. हात जोडले. केस घामानं कपाळाला चिकटलेले, आणि हसत होते. त्यानंतर शेवटपर्यंत, मला जीपमध्ये बसवेपर्यंत, आप्पा बोडक्या डोक्यानं वावरताना दिसत होते. दाजींच्या डोक्यावर मात्र जाईपर्यंत फेटा होता.

मला पडदा दिसेना.

"बाई गं," आत्ती हळूच म्हणाल्या. "म्हंजे उतरवलेला फेटा बांधला जावयाला. मग दाजींचंबी तसं चुकलं न्हाय की."

"तसं बघितलं तर दोघांचंही बरोबर आहे," अभिनंदन म्हणाले. ते कॉलेजात शिकवतात.

"दोघांचं?" मी ओरडलेच. "माझ्या बापानं स्वतःचं डोकं उघडं केलं, आणि त्याचं दाजींनी एवढी वर्षं काय केलं? अपमान! आणि तुम्ही अजून तराजू धरून बसलाय?"

दोघंही वरमले. पण वास्तुशांती तोंडावर आली होती. खालच्या आवाजात मसलत झाली. हे दाखवलं तर दाजींना लागणार, ते येणारच नाहीत. त्यापेक्षा डिस्क खराब झाली म्हणून सांगू, नवा फेटा बांधू, विषय संपला. अभिनंदननी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडं घंटी वाजायला लागली. मी फोन त्यांच्या हातातून काढून घेतला.

"हां, लागली का डिस्क?" दाजींनी विचारलं.

"लागली, दाजी. मी अपूर्वा बोलतेय."



"शेवटपतोर लागली?"

"शेवटपर्यंत."

घसा खाकरल्याचा आवाज आला. मग दाजी मोठ्यानं म्हणाले, "मग सांग की! माझा म्हणून एक तरी फेटा हुता का त्या मांडवात?"

अभिनंदन हातानं नको नको करत होते. आत्तींनी डोळे मिटून घेतले.

"न्हाय दाजी," मी म्हणाले. "तुमचा नव्हताच. तो माझ्या आप्पांचा होता. येताना घेऊन या."

आता ते फोन आपटतील, नाहीतर कसला फेटा, एवढी वर्षं चिंध्या कोण ठेवतंय, असं काहीतरी ओरडतील, म्हणून मी भांडायला पदर खोचून उभी होते.

"वरच्या कप्प्यात हाय," दाजी म्हणाले. "दर साली ऊन देतुय त्याला."