बाबा जिना कसे उतरले

मुलांनो, डोळे मिटा आणि एक जिना समोर आणा. अरुंद, मध्येच वळणारा, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला लोखंडी कठडा. वरून एक माणूस खाली येतोय. दिसला? मग सांगा, कसा येतोय? धावत? पाय ओढत? मी तर एवढंच म्हणालो, 'खाली येतोय.' बाकीचं तुम्ही पदरचं घातलंत. गोष्ट ऐकताना तसं केलेलं चालतं. ठिणगीच्या मामानं ते नको तिथे केलं, आणि त्याचा मला अजून राग येतो.

ठिणगी हे तिचं घरातलं नाव. राग कायम नाकाच्या शेंड्यावर, म्हणून पडलेलं. तिचे बाबा परदेशात एका कंपनीत लोकांचं घरसामान हलवायचे. जिन्यावरून कपाट उतरवायचं तर एक जण वर लागतो, एक खाली. दोघांच्या खांद्यांवरून कपाटाखाली रुंद पट्टा घातलेला असतो. खालच्याचं तोंड कपाटाकडे, म्हणजे त्यानं टाचेनं पायरी चाचपत उलटं उतरायचं. बाबा नेहमी खालचे, वर त्यांचा जोडीदार लंबू.

एके दिवशी आरशाचं कपाट फुटलं. मॅनेजरबाईंनी बाबांना बोलावलं. बाबांना तिथली भाषा येत नव्हती, म्हणून मामा दुभाष्या म्हणून गेला. बाईंनी विचारलं, "काय झालं?" बाबा म्हणाले, "पट्ट्याचं काहीतरी झालं, आणि मी खाली उतरलो." बाबा मुळात कमी बोलणारे.

आता इथे नीट लक्ष द्या. आपल्या भाषेत 'उतरलो' म्हटलं की काम भागतं. कुठे गेलो ते कळतं. कसा गेलो ते सांगावंसं वाटलं तर वेगळं सांगायचं. त्या देशातल्या भाषेत क्रियापद आधी 'कसा' ते सांगतं. धावला, घसरला, रांगला. आणि मागून एक छोटासा शब्द जोडतात, 'खाली'. दोन्ही भाषा आपापल्या जागी शहाण्या आहेत. पण एकीतून दुसरीत जाताना मध्ये एक रिकामी जागा उरते. ती भरायची तर ज्याचे पाय होते त्याला विचारायला हवं. मामानं विचारलं नाही. त्याला घाई होती. तो बाईंना म्हणाला, "पट्ट्याचं काही झालं आणि हा धावत खाली गेला."

"म्हणजे कपाट सोडून पळाला," बाई म्हणाल्या. "उद्या कंपनीचे कपडे आणून दे. तुझं काम संपलं."

घरी हे कळलं तेव्हा ठिणगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला ती भाषा शाळेमुळे मामापेक्षा चांगली यायची.

"धावत? तुला कुणी सांगितलं धावत?"

"अगं, काहीतरी म्हणावंच लागतं त्या भाषेत!"

"मग विचारायचंस ना बाबांना!"

"एवढ्या मोठ्या बाईंसमोर थांबून विचारत बसू? आणि वरून पडणाऱ्या कपाटासमोर माणूस काय रमतगमत उतरतो?"

"मामा, तू ध चा मा केलास."

"बघा भाऊजी, तुमची लेक! उपकार करावे आणि वर शिव्या खाव्यात."

बाबा म्हणाले, "जाऊ दे, ठिणगे. झालं ते झालं."

या 'जाऊ दे'नं ती आणखीच पेटली. दुसऱ्या दिवशी बाबा घडी घातलेले कपडे घेऊन निघाले, तशी ती त्यांच्यापुढे चालू लागली. मामाही मागोमाग आला. ऑफिस वरच्या मजल्यावर होतं. बाईंनी कपडे टेबलावर ठेवून घेतले आणि वर पाहिलंसुद्धा नाही.

"माझे बाबा धावले नाहीत," ठिणगी त्यांच्या भाषेत म्हणाली. आवाज जरा जास्तच चढला होता.

आता बाईंनी मान वर केली. "मग कसा गेला खाली?"

ठिणगीच्या जिभेवर शब्द तयार होता: घसरत. घसरणाऱ्याला कोण दोष देणार? तोंड उघडलं, आणि तिच्या लक्षात आलं की आपण तरी कुठे तिथे होतो? आपणही मामासारखंच पदरचं घालणार होतो. तिला स्वतःचाच राग आला. रागातच ती वळली.

"बाबा, कसे उतरलात?"

बाबा म्हणाले, "सांगता येत नाही गं. दाखवू का?"

ते ऑफिसबाहेरच्या जिन्यावर गेले आणि चार पायऱ्या उतरून वर तोंड करून उभे राहिले. ठिणगीनं एक खुर्ची उचलली. पाठीचा भाग स्वतःच्या हातात ठेवला आणि खुर्चीचे पाय त्यांच्या छातीला टेकवले.

"आता पट्टा तुटला," बाबा म्हणाले. "सोड."

तिनं सोडली. खुर्ची त्यांच्या छातीवर आली. दोन्ही हातांनी ती कवटाळून ते पायरीवर बसले, आणि बसल्या बसल्याच, भिंतीला पाठ खरवडत, एकेक पायरी खाली आपटत गेले. ठिणगी वरून त्या भाषेत ओरडून सांगत होती: बसला खाली. आपटला खाली. सरकला खाली. जिन्याच्या वळणावर खुर्ची भिंतीला लागली.

"आरसा इथं फुटला," बाबा म्हणाले. ठिणगीनं तेही सांगितलं.

"आणि कपाट सोडलं कधी?" बाईंनी विचारलं.

ठिणगीनं बाबांना विचारलं.

"सोडलं नाही. लंबू वरून धावत आला, त्यानं उचललं तेव्हा मी कपाटाखालून निघालो."

बाईंनी लंबूला तुटलेला पट्टा घेऊन वर बोलावलं. पट्टा हातात घेऊन त्याच्या झिजलेल्या कडेवरून बोट फिरवलं. बाबा सांगतात तसंच झालं, अशी लंबूनं मान डोलावली. मग बाई आत गेल्या आणि टेबलावरचे कपडे बाबांच्या हातात परत दिले. माफी मागितली नाही. तेवढं मोठं मन सगळ्यांचं नसतं.

मामा लगबगीनं पुढे झाला. "छान झालं! थांबा, आता बाईंना मी नीट समजावून सांगतो—"

ठिणगीनं खुर्ची उचलून त्याच्या छातीला लावली.

"सांगू नकोस, मामा," ती म्हणाली. "आधी उतर."