सात पावलांवरचं पेव

मी एक जुनं पेव आहे, मित्रांनो. तुमच्यापैकी पुष्कळांनी पेव पाहिलेलं नसणार. जमिनीत खणलेला, तोंडाशी लहान आणि पोटात मोठा असा धान्याचा खड्डा म्हणजे पेव. दोन पुरुष खोल, आत रांजणासारखा गोल. मला डोळे नाहीत. वरून चालणाऱ्यांची पावलं आणि बोलणी ऐकत मी जगलो. खरं सांगायचं तर ऐकून ऐकून फार थकलो आहे.

चितेगावच्या पुढं, पैठण रस्त्याला लागून एक मोठं गाव आहे. तिथल्या कडूबानं मला अंगणात खणलं. पोलीस ॲक्शन होऊन वर्ष झालं होतं. निजामाचं राज्य गेलं होतं, पण कडूबाच्या मनातली धास्ती गेली नव्हती. आदल्या धामधुमीत त्याच्या घरातली ज्वारी पोत्यांसकट लुटली गेली होती. म्हणून त्यानं मला आतून जाळ करून भाजलं, शेणानं लिंपलं, कडेनं कडब्याच्या पेंढ्या लावल्या. ज्वारी भरली, तोंडावर बाभळीच्या फळ्या टाकल्या, वर माती. अंगण सारवलं की मी कुठं आहे ते परक्याला कळू नये.

मग त्यानं आपल्या नव्या नवरीला, वच्छलाबाईला, उंबऱ्यात उभं केलं आणि चालायला सांगितलं. सातव्या पावलाला ती माझ्या तोंडावर आली.

"ध्यानात ठेव. कुणाला सांगायचं नाय. तुझ्या भावाला बी नाय."

"भाऊ काय पेव उचलून नेतोय व्हय?" ती म्हणाली. पण तिनं सांगितलं नाही कुणाला.

मला उघडणं हे दिवसभराचं काम असे. सकाळी फळ्या काढायच्या आणि ऊन डोक्यावर येईतो कुणी आत उतरायचं नाही, कारण कोंडलेली हवा जीव घेते. मग दोरीनं पेटता कंदील सोडायचा. तो तेवत राहिला तरच माणूस उतरायचा. कंदील वच्छलाबाई सोडायची. घाईवर आलेल्या घरच्या माणसांना ती हातानं मागं सारायची.

बहात्तरच्या दुष्काळात मी सगळ्या आळीला पुरलो. मेंढरं राखणाऱ्या सोनाजीची बायको बानाबाई टोपली घेऊन आली होती. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "वच्छलाबाई, भाकरीला पेवाचा वास येतोय."

"पोटाला तर येत नाय ना? खा मग."

त्या साली माझं कौतुक झालं. लोक कडूबाच्या उंबऱ्यापाशी पायताण काढून उभे राहत. कौतुक मात्र पुढच्या सुगीपर्यंतच टिकलं. हळूहळू शेतात ज्वारीच्या जागी कपाशी आली. घरात पत्र्याच्या कोठ्या आल्या. कडूबा वारला. मला शेवटचं रिकामं केलं आणि त्याच फळ्या, तीच माती वर टाकली. त्यांचा मुलगा रामकिसन चितेगावच्या एका कारखान्यात लागला. त्यानं जुनं घर पाडून सिमेंटचं बांधलं आणि दार फिरवून रस्त्याकडं केलं. अंगणात माझ्यावरून सायकली गेल्या. पंधरा-सोळा वर्षं कुणी माझं नावही काढलं नाही. मीही पडून राहिलो. फळ्या कुजत होत्या, तेवढं मला कळत होतं.

मग एक नवं पाऊल आलं, हलकं, पळतं, मध्येच उडी मारणारं. रामकिसनची तीन वर्षांची मुलगी. आजी तिला लाडानं आवडाबाई म्हणायची. ती उडी मारायची नेमकी माझ्यावर, कारण तिथं आवाज घुमायचा. प्रत्येक उडीला माती माझ्या पोटात झरायची. मित्रांनो, ओरडता येत नाही म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

तिची आई कावेरी शहरात बी.ए. झालेली. ती पोरीला फार जपायची. दाराला आडवी खाट लावायची, तरी पोर खालून निसटायची. बानाबाई तिला हसायची, "माझी पाच पोरं मेंढरांमागं वाढली. तू एकीला किती राखशील?" कावेरी खाट तेवढी नीट लावून घ्यायची. तिचं सगळीकडं लक्ष असायचं. धुण्याचं पाणी अंगणात पूर्वीसारखं साचत नाही, कुठंतरी आतल्या आत नाहीसं होतं, हे तिलाच दिसलं. तिनं ते सासूला सांगितलं.

वच्छलाबाईनं हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाली, "आपलं पेव हाय तिथं. उंबऱ्यापासून सात पावलं. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा सांगतेय कुणाला."

सुटीच्या दिवशी रामकिसननं सात पावलं मोजून टिकाव घातला. माझ्यापासून चांगलं लांब. कंबरेएवढं खणलं, खाली नुसता मुरूम.

"आई, पेव बाबांसंगं गेलं तुझं."

"मी काय चळले का रं?"

"तसं नाय. वय झालंय."

त्यानं खड्डा बुजवला. वच्छलाबाई दोन दिवस जेवणावर बसून नुसती उठायची. पाणी मुरत होतं, आणि पोर उड्या मारत होती.

तिसऱ्या दिवशी कावेरीनं विचारलं, "आत्या, तेव्हा दार कुठं होतं?"

"उखळाशेजारी."

उखळ जमिनीत पुरलेलं होतं, ते कुणी हलवलं नव्हतं. वच्छलाबाई त्याच्याजवळ उभी राहिली. "माझीच पावलं लागतील. मलाच चालवलं होतं त्यांनी." ती चालू लागली. मला ते पाऊल ओळखू आलं. पण गुडघे गेले होते, पावलं आखूड झाली होती. सातवं माझ्या अलीकडंच पडलं.

"इथंच," ती म्हणाली.

तेवढ्यात आवडाबाई आईच्या कडेवरून उतरली आणि समोर जाऊन तिनं माझ्यावर उडी मारली. फळी कडाडली. तो पोकळ आवाज ऐकून वच्छलाबाई जागीच थांबली आणि हळू आवाजात म्हणाली,

"आवडाबाई, खाली बस. हालू नको, बाळा. आपण कोंबडी झालो, अंड्यावर बसलो."

पोर बसली. कावेरी जमिनीवर पालथी पडली, हात लांब करून तिनं फ्रॉक धरला आणि पोरीला ओढून घेतलं. मागोमाग फळ्या माझ्या पोटात कोसळल्या.

ऊन डोक्यावर आल्यावर वच्छलाबाईनं कंदील सोडला. निम्म्यातच विझला. रामकिसननं दोरी वर ओढली आणि तो कंदील हातात धरून उभा राहिला. "दारच फिरलं होतं, आई," एवढंच म्हणाला. शेजारून आलेल्या बानाबाईनं पोरीला कडेवरून खाली सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरनं दगड-माती आली. टाकण्याआधी वच्छलाबाईनं ओंजळभर ज्वारी माझ्यात सोडली. "लई पुरलास," म्हणाली. एवढं मला कुणी कधी म्हटलं नव्हतं.

मित्रांनो, तुमच्याही गावात, घराखाली, अंगणाखाली माझे भाऊबंद असतील. घर पाडाल, दार फिरवाल, त्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. पेव कुठं आहे विचारा. सापडलं तर कंदील सोडल्याशिवाय उतरू नका, आणि नको असेल तर बुजवून टाका. आम्हाला वाईट वाटणार नाही. आम्ही माणसाच्या पोटासाठीच खणलेले.

आवडाबाई अजून त्याच जागी उडी मारते. मग पाय आपटून पाहते, पुन्हा मारते. आवाज येत नाही म्हणून आजीकडं तक्रार घेऊन जाते. मला तेवढं ऐकू येतं, आणि मग मी निवांत पडून राहतो.