विव्हळणे

गुडगावच्या आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी हरीश, त्याचे दोन दात मी काठीने पाडले. ही २००६ सालची गोष्ट. पोलीस आले, माफीनामा लिहून झाला, माझ्या नवऱ्याने, राघवने, महिनाभर अबोला धरला. त्या दातांचं मला काडीचं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते एका शब्दाचं, जो मी माझ्या मुलीला चुकीचा शिकवला.

तेव्हा मी लहान मुलांच्या एका कार्टून सिनेमाचे मराठी संवाद लिहीत होते. दुसरा भाग होता. पहिल्यात कुत्रा आणि म्हैस मित्र होतात, दुसऱ्यात दोघं मिळून बँड काढतात. कुत्रा गातो, म्हैस ढोल बडवते. पात्रांच्या ओठांवर शब्द बसवता बसवता माझ्या नाकी नऊ आले होते. सात वर्षांची अपूर्वा शेजारी बसून माझे कागद वाचत होती. इथेच वाढलेली पोर, अर्धं मराठी तिला परकं.

"आई, विव्हळणं मतलब काय?"

"कुत्र्याचं गाणं," मी मान वर न करता म्हणाले. "जा, खेळ."

खाली आमच्याकडेही अशीच जोडी होती. ज्या गावच्या शेतांवर आमचे टॉवर उठले, तिथली एक म्हैस कुंपणाच्या भगदाडातून लॉनवर यायची. सुलतान नावाचा भटका कुत्रा तिच्या पोटाला टेकून झोपायचा. सहाव्या मजल्यावर, मागच्या खोलीत अपूर्वा कीबोर्ड वाजवायला लागली की तो खालून लांब सूर लावायचा.

त्या दुपारी ती माझ्या दारात आली.

"आई, सुलतान विव्हळतोय."

"विव्हळू दे."

"आज खूप जोरात विव्हळतोय. मी साथ देऊ?"

"दे बाई, पण मला लिहू दे."

कीबोर्ड सुरू झाला. पाचेक मिनिटांनी ती पुन्हा आली, खुशीत. "आज कोणीतरी ठेका पण देतंय. धप्, धप्. ऐक ना." एवढं सांगून ती वाजवायला पळाली.

मी कान दिला आणि कागद टाकून उठले. लिफ्टची वाट न बघता मी सहा मजले उतरले.

लॉनवर म्हैस गुडघे टेकून बसली होती. एक शिंग मुळापासून मोडलेलं, डोळ्यावरून रक्त ओघळत होतं. तिला हाकलायला ते झोडपत होते तेव्हा सुलतान मध्ये पडून हरीशच्या पोटरीला चावला होता, हे नंतर कळलं. आता दोन गार्डनी काठ्यांनी त्याला भिंतीशी दाबून धरलं होतं आणि हरीश लोखंडी सळईने मारत होता. कुत्र्याचे मागचे पाय केव्हाच मोडले होते. जबडा एका बाजूने लोंबत होता. तरी तो म्हशीकडे सरकायला बघत होता.

"मॅडम, आप ऊपर जाइए, खतरनाक कुत्ता है," हरीश म्हणाला आणि त्याने सळई पुन्हा उचलली. ती पाठीच्या कण्यावर बसली. सुलतानच्या घशातून एक लांब सूर निघाला. वरून कीबोर्डने नेमका तोच सूर पकडला.

मी एका गार्डच्या हातातली काठी हिसकावली. पहिला फटका हरीशच्या तोंडावर, दुसरा मनगटावर, पुढचे कुठे बसले आठवत नाही. मला मागे ओढणाऱ्या गार्डच्या हाताला मी चावले, रक्त येईपर्यंत चावले. तोवर सुलतान संपला होता. म्हैस त्याला चाटत होती.

मी वर आले. अपूर्वा माझ्या रक्ताळलेल्या हातांकडे बघत राहिली. "तो थांबला का, आई? माझं चुकलं?"

मग मी तिला त्या शब्दाचा खरा अर्थ सांगितला. ती रडली नाही. तिने कीबोर्डचं बटण बंद केलं.

दिवाळीत सिनेमाची सीडी घरी आली. राघवने हौसेने लावली. पडद्यावर कुत्र्याने मान वर करून तान घेतली, म्हशीने ढोलावर थाप मारली, धप्, धप्. राघव हसला. अपूर्वाने माझ्या दंडात नखं रुतवली.

"आई," ती हळूच म्हणाली, "या वेळी लवकर जा."