आदर्श मातेचा मान

इजिप्तमधल्या पोर्ट सईदच्या त्या कपड्यांच्या कारखान्यात दर मार्चमध्ये, मातृदिनाला, एका कामगार बाईला 'आदर्श माता' ठरवून स्टेजवर बसवत. अंगावर चमकता पट्टा, हातात फुलं, शेजारी बक्षिसाचं, रिबीन बांधलेलं वॉशिंग मशीन. यंदा तो मान रावियाला मिळाला होता, आणि तिचं नाव सुचवलं होतं अवातिफनं, तिच्या शिलाई लाईनीच्या सुपरवायझरनं. चांगुलपणानं सुचवलं असतं तर प्रश्न नव्हता. आतली टोचणी थांबावी म्हणून सुचवलं होतं.

झालं होतं असं. हिवाळ्यात एक परदेशी ऑर्डर गळ्याशी आली, तेव्हा मॅनेजर वगदी साहेबांनी जाहीर केलं की ज्या लाईनीतली एकही बाई माल पुरा होईपर्यंत जागची उठणार नाही, त्या अख्ख्या लाईनीला बोनस. एक जरी उठली, तर कुणालाच नाही. माणसांना हुरूप द्यायची ही त्यांची तऱ्हा. बायकाच बायकांवर पहारा ठेवायच्या, साहेबाला बोलावंसुद्धा लागायचं नाही.

कामाच्या वेळी सगळ्यांचे मोबाईल एका लाकडी पेटीत कुलूपबंद असत आणि पेटीची किल्ली अवातिफच्या गळ्यात. त्या दुपारी पेटीतला एक मोबाईल वाजायचा थांबेचना. अवातिफनं वैतागून पेटी उघडली आणि फोन उचलला. पलीकडे रावियाची शेजारीण होती, उम्म मीना, म्हणजे मीनाची आई.

"राविया, अगं पोरगी जिन्यावरून पडली! हात नुसता लोंबतोय. इस्पितळात म्हणतात, आईला आणा, त्याशिवाय हात लावणार नाही. तू आधी निघ!"

"ती मशीनवर आहे," अवातिफ म्हणाली. "सांगते मी तिला."

आणि नाही सांगितलं. खाली कंटेनर उभा होता, रमजान तोंडावर होता, लाईनीतल्या प्रत्येकीनं बोनस मनातल्या मनात खर्चून टाकला होता. हात मोडलाय, जीव तर नाही ना गेला, असं तिनं स्वतःला समजावलं. संध्याकाळी माल गेल्यावर तिनं रावियाला बाजूला घेतलं आणि धडधडीत खोटं सांगितलं, "आत्ताच फोन आला बघ तुझ्या घरून."

राविया फेरीबोटीनं कालव्यापलीकडे पोर्ट फुआदला घरी पोचली, तेव्हा उम्म मीनानं वाट पाहून पाहून शेवटी पोरीला हाडवैद्याकडून बांधून आणलं होतं. हात वाकडाच जुळला.

तेव्हापासून उम्म मीना मनात म्हणायची, काय बाई आहे, निरोप पोचूनही आली नाही. राविया मनात म्हणायची, काय शेजारीण आहे, दिवसभर कळवलं नाही. दोघीही तोंडानं गोड. अवातिफला हे दोन्ही दिसत होतं, आणि रावियानं लाईनीत सलाम केला की तिची मान आपोआप खाली जायची.

मातृदिनाला जेवणाचा हॉल भरला. बस्बूसाच्या, रव्याच्या गोड वड्यांच्या, बशा फिरल्या. उम्म मीना रावियाच्या लेकीला, हनीनला, नवा फ्रॉक घालून घेऊन आली आणि पोरगी आईशेजारी स्टेजवर उभी राहिली. वगदी साहेबांनी माईक हातात घेतला.

"आदर्श माता म्हणजे काय, ते या उम्म हनीनकडून शिका! हिची लेक पडली, हात मोडला. पण ही बाई मशीनवरून उठली का? नाही! आधी कारखाना! वाजवा टाळ्या!"

साहेबांनी दोन गोष्टी ऐकल्या होत्या, पोरीचा हात मोडला आणि लाईनीतलं कुणी उठलं नाही. दोन्ही अवातिफनंच सांगितल्या होत्या. त्यांनी त्या जोडल्या आणि हार करून रावियाच्या गळ्यात घातल्या.

टाळ्या पडल्या, पण मेल्यासारख्या. मागून कुणीतरी म्हणालंच, "आई म्हणायची की कैदाशीण?"

रावियाचा चेहरा उतरला. "साहेब, मला ठाऊकच नव्हतं," ती म्हणाली. "मला संध्याकाळी कळलं."

"संध्याकाळी?" उम्म मीना ताडकन उठली. "दुपारी फोन केला मी! तुझ्याच मोबाईलवर! कुणी बाई बोलली, म्हणाली सांगते!"

सगळा हॉल पेटीच्या किल्लीकडे बघायला लागला. ती कुणाच्या गळ्यात असते हे सांगायची गरज नव्हती. अवातिफला वाटलं, गप्प बसावं, अजूनही नाकारता येईल. पण राविया तिच्याकडे अशा विश्वासानं बघत होती, की बाई आता कायतरी सांगतील आणि हा घोळ मिटेल. तो विश्वास तिला सोसवेना.

"फोन मी घेतला होता," ती उठून म्हणाली. "दुपारीच. लाईनीचा बोनस जाईल म्हणून सांगितलं नाही. मग हिचं नाव सुचवलं. लाज वाटत होती म्हणून. अजून वाटते."

साहेबांना प्रसंग सावरायची घाई. "बघा! सुपरवायझर असावी तर अशी!" म्हणून त्यांनी एकट्यानंच टाळी वाजवली, आणि कुणी साथ देत नाही बघून हात खिशात घातले.

मघाशी कैदाशीण म्हणणारी डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडावर धरून रडायला लागली. "आम्ही तो बोनस खाल्ला गं," एवढंच ती म्हणाली.

रावियानं पट्टा काढला, घडी करून वॉशिंग मशीनवर ठेवला आणि खाली उतरून अवातिफसमोर आली. रोज 'बाई, बाई' करणाऱ्या तिनं आज नुसता हात पुढं केला.

"किल्ली दे, अवातिफ."

अवातिफ गळ्यातली दोरी काढायला गेली, पण दोरीची गाठ डोक्यावरच्या रुमालात मागं अडकली होती. ओढून ओढून ती सुटेना. हनीन आईच्या मागूनच आली होती.

"थांबा मावशी, मी काढते," ती म्हणाली, आणि सवयीनं उजवा हात उचलला. तो खांद्यापर्यंत आला आणि तिथंच थांबला. पोरगी ओशाळून हसली.

"हा जात नाही वर," ती म्हणाली. "तुम्ही जरा खाली बसता?"

अवातिफ तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली.